कंपनीला एकटी गायिका हवी आहे, तेव्हा

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतचा करार शेवटच्या पानापर्यंत वाचला. वाचणाऱ्या इतरांना कळावं म्हणून प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. सोलापुरातली चार मुलं तीन वर्षं एकत्र वाजवतायत. गिटार, बेस, ड्रम आणि गाणारी एक मुलगी. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. स्वतःची सात गाणी आहेत, सगळी मराठीत आणि सगळी रॉक. त्यातल्या एका गाण्याचा मोबाइलवर घेतलेला तुकडा लाखावर लोकांनी पाहिला आणि मुंबईच्या एका कंपनीचा फोन आला. कंपनीला गाणं हवंय, गाणारी हवी आहे. बाकीचे तिघे नकोत, "म्युझिशियन आम्ही देऊ" म्हणतात. तू गिटार वाजवतोस आणि विचारतोस की काका, तिनं सही करावी का, आम्ही मुंबईला जावं का, आणि आपल्याकडे रॉकवाल्यांना नाव का मिळत नाही.

या कागदावर सही करू नका. मुंबईला आत्ता जाऊ नका. तिसऱ्या प्रश्नाला वेळ लागेल.

मी पस्तीस वर्षं या कामात आहे. आधी गिटार, मग ऑर्केस्ट्रात बेस, आणि गेली वीसेक वर्षं साउंडचं काम. अक्कलकोट रोडला एका बंद पडलेल्या चादरीच्या कारखान्यात माझी सरावाची खोली आहे. जमिनीत अजून मागाचे बोल्ट रोवलेले दिसतात. भिंतींवर सेकंड मालाच्या चादरी टांगल्यात, तिहेरी घडी घालून, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून. ते अंतर महत्त्वाचं. चादर भिंतीला चिकटवली की वरचाच आवाज थोडा मरतो. मागे हवा राहिली की झांजेचा खणखणाट आणि गिटारचा मधला कर्कशपणा दोन्ही निवतात. बेसचा घुमारा मात्र कुठल्याही चादरीला ऐकत नाही, त्यासाठी कोपऱ्यात गाठोडी रचावी लागली. किक ड्रमच्या पोटातही एक सोलापुरी चादर आहे, पुढच्या कातड्याला हलकी टेकेल अशी. जगभरचे ड्रमर पोटात घोंगडी-उशी घालतात. आपल्याकडे घालायला इतकी चांगली वस्तू घरचीच आहे.

शेजारच्या शेडमध्ये माग चालू आहेत. तिथले एक म्हातारे विणकर, घरी तेलुगू बोलणारे, कधी दारात येऊन उभे राहतात. चाळीस वर्षं मागावर काढलेल्या माणसाला आवाजावरून कळतं की धोटा नीट जात नाहीये की सूत तुटलंय. गेल्या पावसाळ्यात एक बँड वाजवत होता, तेव्हा ते ऐकून मला म्हणाले, "तुमचा ढोलवाला चौथ्या ठोक्याला अडखळतोय बे, बघा." मी डोळे मिटून ऐकलं. खरंच, चौथा ठोका केसाएवढा लवकर पडत होता. मुलाला सांगितलं, त्यानं स्टुलाची उंची दोन बोटं वाढवली आणि गाणं बसलं. माझ्या मिक्सरवरच्या सगळ्या दिव्यांना ते कळलं नव्हतं.

हे आत्ता सांगतोय कारण तुमची ती क्लिप मी हेडफोन लावून दहा वेळा ऐकली. दुसऱ्या कडव्यानंतर ड्रम थांबतो आणि बेस एकटा दोन मापं चालतो. ती गायिका मग श्वास घेते, तो श्वास ऐकू येतो, आणि तिच्या पहिल्या अक्षरावर नाही तर दुसऱ्यावर ड्रम परत येतो. अंगावर काटा येतो तो तिथे. ही जागा कोणी कागदावर लिहून ठेवली नव्हती, हो ना? तीन वर्षं एकमेकांसमोर बसून वाजवता वाजवता सापडली असणार. कंपनीचा सेशन म्युझिशियन, म्हणजे पैसे घेऊन रेकॉर्डिंगपुरता वाजवणारा, तुमच्यापेक्षा शंभरपट तयार असेल. तो तुमची नोटेशन बघून तेच सूर स्वच्छ वाजवील. पण ती मुलगी श्वास कधी घेणार हे त्याला ठाऊक नसेल, आणि त्याला ते ठाऊक करून घ्यायला कंपनी एका दुपारचे पैसे देईल. तुमच्या गाण्यात विकण्याजोगं जे आहे ते चौघांच्या मध्ये आहे, आणि कंपनी नेमकं तेवढं सोडून बाकी सगळं मागतेय.

मला ब्लॅक सॅबथ फार जवळचे वाटतात ते याच कारणाने. इंग्लंडचा बँड, बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातली चार पोरं. गाव कारखान्यांचं, धुराचं. गिटार वाजवणारा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी, नोकरी सोडायच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, आणि जाड तारा दाबवत नाहीत म्हणून हलक्या तारा चढवल्या. पुढे तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. त्यातून जो जड, दाट आवाज निघाला त्यावर हेवी मेटल नावाची आख्खी शाखा उभी राहिली. माझे वडील गिरणीत होते. त्यांच्या डाव्या तर्जनीचं पेर मशीनमध्ये गेलेलं मी लहानपणापासून बघत आलो. आयोमीची गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी वडिलांना सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे त्यानं सोडलं नाही."

या चौघांनी पहिला अल्बम १९६९ च्या ऑक्टोबरात जवळजवळ एका दिवसात रेकॉर्ड केला. त्याआधी क्लबांमधून रोज वाजवून वाजवून गाणी हाडात मुरली होती. अल्बम १९७० च्या फेब्रुवारीत आला. पुढे नाव, पैसा, व्यसनं, भांडणं, कोर्टकचेऱ्या सगळं झालं. आणि ५ जुलै २०२५ ला हे चौघे शेवटचे एकत्र उभे राहिले ते व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानावर, म्हणजे ॲस्टनमध्येच, स्वतःच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. त्यांचा गायक ओझी ऑस्बर्न, त्याला पार्किन्सन्सचा आजार होता, तो सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. सतरा दिवसांनी तो गेला. मी ते रात्री उशिरा बघत होतो. त्यांच्यातला ड्रमर सत्तरीच्या पुढचा, दमलेला, तरी बेसवाल्याकडे बघून हसला आणि दोघांचा ठोका एकत्र पडला. त्या हसण्याला छप्पन्न-सत्तावन्न वर्षं लागलेली होती.

आता माझी स्वतःची गोष्ट, कारण सही करू नका हे मी ऐकीव सांगत नाही. १९९६ साली आम्ही चौघे मुंबईला गेलो. तो काळ कॅसेटचा. केबलवर गाण्यांचे चॅनल नवे होते, फिल्मबाह्य गाण्यांना अचानक मागणी आली होती, आणि सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात गिटार मांडीवर घेऊन बसलेले आम्ही समजत होतो की आता आपली वेळ आली. एका कंपनीनं सहा गाणी घेतली. कागद इंग्रजीत होता, पंधरा मिनिटांत सह्या झाल्या. कंपनीनं आधी सांगितलं की मराठी नको, हिंदी करा. मग सांगितलं ड्रम मशीन वापरू, त्यानं खर्च वाचेल. आमचा ड्रमर स्टुडिओच्या बाहेर बाकावर चार दिवस बसून होता. पाचव्या दिवशी तो सोलापूरला परत गेला आणि पुन्हा कधी काठ्या हातात घेतल्या नाहीत. गाणी निघालीच नाहीत. कंपनी पुढे बंद झाली. मास्टर टेप, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, कुठे आहे, कुणाच्या मालकीची आहे, मला आजतागायत कळलं नाही. माझ्याकडे एक साठ मिनिटांची कॅसेट आहे, रफ मिक्सची, ड्रम मशीन येण्याच्या आधीची. तिच्या पट्टीवर त्या ड्रमरच्या अक्षरात गाण्यांची नावं लिहिलेली आहेत, निळ्या बॉलपेनानं, तिसऱ्या गाण्याचं नाव आधी चुकून खोडलेलं. वर्षातून एकदा मी ती ऐकतो. सहा गाणी आम्ही केली आणि त्यांतलं एकही मला आज निर्धास्तपणे स्टेजवर वाजवता येत नाही.

कराराकडे येतो. तुम्हाला पाठवलेल्या कागदात चार कलमं मी लाल केली आहेत.

पहिलं, "सर्व हक्क, संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी". ही भाषा उगाच नसते. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात असं आहे की करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरताच धरायचा. म्हणून कंपन्यांचे वकील दोन्ही गोष्टी न विसरता लिहितात. तुम्ही दोन्ही ठिकाणी आकडा मागा: इतकी वर्षं, इतके देश.

दुसरं, एकरकमी चाळीस हजार आणि पुढे काही नाही. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांना मोठा आधार मिळाला. गाण्यातून पुढे जी रॉयल्टी मिळेल तिचा समान वाटा घेण्याचा त्यांचा हक्क आता सही करूनही सोडता येत नाही. तो फक्त वारसांकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडे, म्हणजे रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेकडे, जाऊ शकतो. तशी सोसायटी आपल्याकडे आयपीआरएस आहे, १९६९ पासून. तिचे सभासद व्हा, गाणी नोंदवा. आम्हाला १९९६ मध्ये हे कवच नव्हतं.

पण नीट बघ, हे कवच गीतकाराला आणि संगीतकाराला आहे. बेस वाजवणारा आणि ड्रम वाजवणारा "संगीतकार" म्हणून नोंदलेला नसेल तर या रॉयल्टीत त्याला काहीच नाही. तुमच्या कागदात गीत आणि संगीत या दोन्हींपुढे एकट्या तुझं नाव आहे. ते तू लिहिलंस की कंपनीनं, हे मला माहीत नाही. पण ती दोन मापांची बेसची जागा कुणाची आहे? ती नसती तर ती क्लिप कोणी बघितली असती का? क्वीन या इंग्लिश बँडमध्ये सुरुवातीला ज्याचं गाणं त्याचं नाव असायचं, आणि त्यावरून कुरबुरी व्हायच्या. १९८९ पासून त्यांनी सगळी गाणी चौघांच्या नावावर, बँडच्या नावावर टाकली. ब्लॅक सॅबथनं हे पहिल्यापासून केलं. तुम्हीही हे आजच करा. स्टॅम्पपेपरवर मराठीत चार ओळी पुरतात: सातही गाणी चौघांची, वाटे समान, कोणी बँड सोडला तर जुन्या गाण्यांतला त्याचा वाटा कायम, नवीनमध्ये नाही, आणि बँडचं नाव उरलेल्यांकडे राहील. मैत्री आहे तोवरच हा कागद करता येतो. भांडण झाल्यावर कोणी करत नाही.

तिसरं कलम बँडच्या नावाचं. तुमचं नाव वापरायचा अधिकार कंपनीकडे. म्हणजे उद्या गायिका आणि तीन भाडोत्री वादक तुमच्याच नावानं स्टेजवर उभे राहू शकतात आणि तुम्ही तिघे समोर तिकीट काढून बसाल. हे कलम तर पुढच्या कुठल्याही करारात येऊ देऊ नका.

चौथं, स्टेज शोच्या कमाईत तीस टक्के. कंपनी शो मिळवून देणार असेल तर त्या शोमध्ये वाटा मागू दे. तुम्ही स्वतः ओढून आणलेल्या सुपारीत कसला वाटा?

मुंबईत "ॲडव्हान्स" हा शब्द ऐकला की पोरांचे डोळे चमकतात, म्हणून एक हिशेब मांडून दाखवतो. समजा कंपनीनं पाच लाख ॲडव्हान्स दिला आणि तुमचा वाटा बारा टक्के. गाण्यांनी वीस लाख कमावले. तुमचे बारा टक्के म्हणजे दोन लाख चाळीस हजार. पण ते तुमच्या हातात येत नाहीत, ॲडव्हान्समधून वळते होतात. वीस लाखांतून तुम्हाला दिलेले पाच वजा जाता कंपनीकडे पंधरा लाख शिल्लक, आणि तुम्ही अजून दोन लाख साठ हजारांनी तिच्या वहीत देणेकरी. व्हिडिओचा खर्च, प्रसिद्धीचा खर्च तुमच्या नावावर टाकला तर आकडा आणखी वाढतो. यात बेकायदा काही नाही, सही केलेली असते. ॲडव्हान्स म्हणजे उचल. ऊसतोड मुकादमाच्या उचलीला आपल्या जिल्ह्यात काय म्हणतात आणि ती फिटायला किती हंगाम जातात, हे मी तुला सांगायला नको.

आणि एक गोष्ट लक्षात ठेव. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा मालक तो, ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते करवलं. म्हणून सातही गाणी आधी स्वतः रेकॉर्ड करा, स्वतःच्या खर्चानं, साध्या पण नीट आवाजात. मग कोणी कंपनी आली तर ती तयार वस्तू मागायला आलेली असेल, आणि तुम्ही ती ठराविक वर्षांसाठी वापरायला द्याल. स्ट्रीमिंगवर टाकणाऱ्या सेवा आता वर्षाच्या वर्गणीत किंवा टक्क्यांवर घरबसल्या मिळतात. तिथून पोट भरेल या भ्रमात मात्र राहू नका. स्पॉटिफायवर २०२४ पासून नियमच आहे की बारा महिन्यांत गाणं हजार वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याला रेकॉर्डिंगचा एक पैसाही मिळत नाही. गाणं तिथे ठेवायचं ते लोकांना सापडावं म्हणून.

आता नाव का मिळत नाही ते. लोक म्हणतात रॉक आपल्या मातीतला नाही, आपल्या कानाला तो मानवत नाही. मला हे कधीच पटलं नाही. फारोख बलसारा नावाचा पारशी मुलगा आठव्या वर्षी झांझिबारहून पाचगणीला शाळेत आला, तिथेच पियानो शिकला, तिथेच १९५८ मध्ये शाळेच्या पोरांचा बँड केला. पुढे जग त्याला क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखायला लागलं. सूर म्हणशील तर रॉक गिटारवाले ज्या पाच सुरांवर जन्म काढतात ते सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे आपल्या धानी रागाचे सूर. जड रिफला, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याला, जो पॉवर कॉर्ड लागतो तो निव्वळ सा आणि प, तंबोऱ्याची जोडी. ज्या माणसानं लहानपणी भजनी मंडळात बसून टाळ वाजवला, त्याला यात परकं काय वाटणार?

भाषेचंही तेच. तुमच्या सात गाण्यांपैकी दोन हिंदीत करा असं कंपनी म्हणते. करू नका. मराठीत माग, राख, भूक, काच असे व्यंजनावर थाडकन मिटणारे शब्द ढिगानं आहेत. कडव्यात ते स्नेअर ड्रमच्या ठोक्यावर टाकले की दोन्ही एकमेकांना धार लावतात. आणि ध्रुपदात आ, ओ असे उघडे स्वर ठेवले की गळा मोकळा होतो. तुमच्या चौथ्या गाण्यात ध्रुपदाची ओळ "ईत" वर संपते, तिथे तिचा आवाज आवळतो. ती ओळ फिरवून "आत" वर संपवून बघा. पोवाड्यात शाहीर "जी जी रं जी" म्हणत आवाज कुठे टाकतो ते ऐका, डफाची थाप कुठे पडते ते ऐका. तिथे तुमच्यासाठी पुष्कळ आहे.

मग अडतं कुठे? माझ्या अनुभवानं, पैशाच्या अगदी साध्या गणितात. एक गायक आणि पेन ड्राइव्हवर ट्रॅक, याला एका माणसाचं भाडं आणि दोन स्पीकर लागतात. बँडला चार-पाच माणसं, ड्रमसेट, तीन ॲम्प, आठ माइक, दोन तास साउंड चेक आणि माझ्यासारखा एक माणूस लागतो. मंडळाचा कार्यकर्ता तरी काय करील? तो डीजेची भिंत लावतो. त्या भिंतीबद्दल मला राग आहे पण आज तो विषय नाही. दुसरं असं की आपल्याकडे गाणं लोकांपर्यंत नेणारी मोठी वाट सिनेमातून जाते, आणि सिनेमाला आवाज हवा असतो, बँड नको असतो. कंपनी तुमच्या गायिकेकडे बघतेय ती याच डोळ्यांनी. तिसरं कारण, आपल्याकडचा रॉक बरीच वर्षं कॉलेजच्या फेस्टिव्हलपुरता आणि इंग्रजीपुरता राहिला. मुंबईच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक नावाचा महोत्सव भरायचा. परदेशी गाणी किती हुबेहूब वाजवतो यावर त्या काळी बऱ्याच बँडची किंमत ठरायची. पुढे ती जागा शांतता क्षेत्रात आली आणि मैफली थांबल्या. सोलापुरातही रंगभवन आहे, नाव ऐकलं की मला ते दुसरं आठवतं.

ज्यांनी या सगळ्यातून वाट काढली त्यांच्यात मी इंडियन ओशनला फार मानतो. दिल्लीचा बँड, १९९० चा. पहिला अल्बम १९९३ मध्ये, आणि लोकांच्या तोंडी नाव बसलं ते २००० नंतर. बरीच वर्षं ते करोल बागेतल्या एका जुन्या घरात बसून वाजवत होते. २०१० मध्ये त्यांनी नव्या अल्बमची गाणी लोकांना फुकट वाटली आणि अल्बमला नाव दिलं त्या घराच्या पत्त्याचं. वर्षानुवर्षं सरावाला येत राहणारी माणसं होती ती.

आणि लाख व्ह्यूजचं सांगतो, रागावू नकोस. पुढच्या कार्यक्रमाला तुमच्यासाठी शंभर रुपये खर्चून किती जण आले ते मोज. त्यांतल्या किती जणांना दुसरं कडवं पाठ आहे ते स्टेजवरून बघ. मार्च २००७ मध्ये आयर्न मेडन हे इंग्लंडचे मेटलवाले बेंगळुरूला आले तेव्हा मी उद्यान एक्स्प्रेसनं रात्रभर उभा राहून गेलो होतो. पॅलेस ग्राउंडवर माझ्या शेजारी आसामहून आलेली पोरं होती. दोन-अडीच दिवसांचा प्रवास करून आलेली. त्यांना प्रत्येक गाण्याचा प्रत्येक सोलो तोंडानं म्हणता येत होता. असे पन्नास जण सोलापूर, बार्शी, पंढरपूर, विजापूर मिळून तुम्हाला मिळाले तर तुमचं काम सुरू झालं समजा. ती क्लिप पुन्हा पुन्हा तेच वीस सेकंद मागणार. तुम्ही एकवीस-बावीस वर्षांचे आहात, तुमचा आवाज अजून ठरायचा आहे. आत्ता नाव झालं तर लोक तुम्हाला आहात तिथे थांबवतील आणि दहा वर्षं तेच गाणं वाजवून घेतील. सोलापुरात कोणी बघत नाही याचं तुम्हाला दुःख आहे. मला ते तुमचं भाग्य वाटतं. इथे खोलीचं भाडं परवडतं, आईच्या हातची भाकरी-शेंगाचटणी आहे, फसलेलं गाणं फेकून द्यायला वेळ आहे. मुंबईत महिन्याचं भाडं भरायला तुम्ही लग्नाच्या सुपाऱ्या वाजवाल आणि रविवारी दमून झोपाल. मी हे दोन वर्षं केलंय.

निर्वाणा या अमेरिकन बँडचा गायक कर्ट कोबेन गेला तेव्हा मी तुमच्याच वयाच्या आसपास होतो. १९९१ च्या सप्टेंबरात त्यांचा दुसरा अल्बम आला, १९९४ च्या एप्रिलमध्ये तो स्वतःच्या हातानं गेला. अडीच वर्षं. वय सत्तावीस. पोस्टरवर हे फार सुंदर दिसतं. त्याला पोटाचा जुना आजार होता, नैराश्य होतं, हेरॉइन होतं, आणि दीड वर्षाची मुलगी मागे राहिली. सत्तावीस या आकड्यात काही जादू नाही. तुमच्यापैकी कोणी महिनाभर गप्प गप्प दिसला, सराव चुकवायला लागला, तर त्याच्या घरी जा. बँडमध्ये हे काम कोणाचं आहे असं विचारू नका.

कानांचं सांगायचं राहिलं, आणि ते सगळ्यात निकडीचं आहे. पंच्याऐंशी डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, हा धोक्याचा हिशेब जगभर वापरतात. शंभर डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. बंद खोलीत ड्रम आणि दोन ॲम्प शंभर सहज ओलांडतात, आणि तुम्ही तीन तास सराव करता. माझ्या डाव्या कानात २००९ पासून बारीक शिट्टी आहे. रात्री सगळं शांत झालं की ती मोठी होते. डावा यासाठी की बेस वाजवताना मी नेहमी ड्रमरच्या झांजेला डावा कान देऊन उभा राहायचो, ठोका पकडायला. ती आता जाणार नाही. कापूस चालत नाही, संगीतकारांचे इअरप्लग येतात ते घ्या, आणि दर पाऊण तासाला खोलीबाहेर या. ड्रमरला आधी घ्या. त्याच्यावाचून तुमची ती जागा कोणी भरणार नाही.

गायिकेला हे उत्तर वाचायला दे, आणि निर्णय तिचा तिला घेऊ दे. आवाज तिचा आहे. तिला एकटीला जायचं असेल तर तुम्ही तिघांनी तिला अडवू नका, फक्त गाण्यांचा कागद आधी करा. पण सही करण्याआधी एक संध्याकाळ चौघे माझ्याकडे या. शेजारचे माग बंद असतात त्या दिवशी, साडेपाचनंतर. ती दोन मापांची जागा मला खोलीत ऐकायची आहे, आणि शेजारच्या म्हाताऱ्यांनाही मी बोलावून ठेवतो. चादरी आहेत, ड्रम आहे. येताना बेसची केबल तेवढी आणा, माझ्याकडची एकच धड आहे.